धुराची साक्ष

तर्कशास्त्राच्या पाठशाळेंत विद्यार्थ्याला जें पहिलें उदाहरण मिळतें तें डोंगरावरच्या धुराचें. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो आहे, त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे, असें तें अनुमान. स्वयंपाकघरांत जेव्हां जेव्हां धूर दिसला तेव्हां तेव्हां चुलींत विस्तव होता, हा रोजचा अनुभव या अनुमानाच्या पाठीशीं उभा असतो. न्यायशास्त्राच्या पंडितांनीं या एका उदाहरणाचा शतकानुशतकें कीस काढला. धूर असेल तेथें अग्नि असतोच. पण अग्नि असेल तेथें धूर असलाच पाहिजे असें नाहीं, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला दिला. तसेंच धुक्याला किंवा वाफेला धूर समजून कोणी अनुमान करील तर तें खोटें ठरेल, असाही इशारा त्यांनीं देऊन ठेवला.

पाठशाळेंतील हा वाद वरवर पाहणाराला पंडितांची करमणूक वाटेल. परंतु आज अनेक देशांत घराघरांच्या छताला चिकटून बसलेली आणि झोपलेल्या माणसांवर रात्रभर पहारा करणारी जी लहानशी वाटोळी डबी आहे, तिला नेमक्या याच तीन गोष्टी शिकवाव्या लागल्या. धुरावरून अग्नि ओळखणें ही पहिली. धूर न सोडणारा अग्नि ओळखणें ही दुसरी. आणि वाफेला धूर न समजणें ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी शास्त्रज्ञांनीं साध्य केल्या. तिसरी अद्यापि पुरती साधलेली नाहीं, आणि या इतिहासांत माणसांचे प्राण ज्या ज्या ठिकाणीं गमावले गेले त्यांतील कित्येक ठिकाणीं या तिसऱ्या धड्याचाच संबंध येतो.

प्राचीन काळीं हा पहारा माणसाच्या डोळ्यांवर सोंपविलेला होता. रोमचा सम्राट ऑगस्टस यानें इ. स. ६ मध्यें शहराच्या रक्षणासाठीं सात तुकड्यांचें एक दल उभारलें. रात्रीं गल्लोगल्लीं हिंडावें, कोठें विस्तव बेफाम झाला आहे काय तें पाहावें, आणि असल्यास तो विझवावा, हें त्या दलाचें काम. पुढें युरोपांतील शहरांनीं आपापल्या उंच मनोऱ्यांवर पहारेकरी बसविले. पोलंडमधील क्राकाव शहरीं सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजविण्याची प्रथा आजही चालू आहे, आणि ती वाजविण्याचा मान अग्निशामक दलाच्या लोकांकडे आहे. शत्रु आणि आग या दोहोंची वर्दी एकाच मनोऱ्यावरून मिळत असे, त्या काळाची ही खूण होय.

परंतु मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला जी आग दिसे ती छप्पर फोडून बाहेर आलेली असे. कोठीच्या कोपऱ्यांत धुमसणारें पोतें त्याला कसें दिसणार? शिवाय दिसलेली आग कोणत्या गल्लींत आहे, हें खालच्या माणसांना सांगण्यांतही वेळ मोडे. या दुसऱ्या अडचणीवर पहिला उपाय काढला तो अमेरिकेंतील बोस्टन शहरानें. डॉ. विल्यम चॅनिंग व मोझेस फार्मर या दोघांनीं तारायंत्राचें तत्त्व आगीच्या वर्दीला लावलें, आणि २८ एप्रिल १८५२ रोजीं त्यांची व्यवस्था सुरू झाली. रस्त्यारस्त्यांवर लोखंडी पेट्या बसविण्यांत आल्या. पेटींतील दांडा फिरविला कीं मध्यवर्ती कचेरींत त्या पेटीचा क्रमांक उमटे, आणि बंब कोणत्या दिशेला न्यावयाचे तें क्षणांत कळे. वर्दीला आतां विजेचा वेग आला होता.

पण या वेगवान व्यवस्थेलाही माणसाचा त्रासिकपणा आडवा आला. टवाळखोर पोरें आणि रिकामटेकडे लोक पेट्यांचे दांडे उगाच फिरवीत. त्यांना आळा घालण्यासाठीं पेट्यांना कुलुपें लावण्यांत आलीं आणि किल्ल्या ठराविक लोकांजवळ ठेवण्यांत आल्या. ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळीं बोस्टनच्या व्यापारी भागांत एका वखारीच्या तळघरांत आग लागली. आग लोकांना दिसत होती. पण वर्दी देण्यास उशीर झाला, कारण पेटी कुलुपांत होती. त्यांत भर अशी कीं, शहरांतील घोडे त्या सुमारास साथीच्या आजारानें अंथरुणाला खिळल्यासारखे झाले होते, आणि बंब माणसांना ओढून न्यावे लागले. त्या आगींत ७७६ इमारती भस्म झाल्या. खोट्या वर्दीचा कंटाळा येऊन खऱ्या वर्दीचा मार्ग बंद करावा, या चुकीचें हें पहिलें मोठें उदाहरण. तें शेवटचें मात्र नव्हतें.

पेटीचा दांडा फिरविण्यास कोणीतरी माणूस जागा असावा लागतो. माणसावांचून आग ओळखतां येईल काय, या प्रश्नाचें पहिलें उत्तर उष्णतेनें दिलें. कांहीं मिश्रधातु सुमारें ७० अंश सेंटिग्रेडलाच वितळतात. अशा धातूचा डाख लावून पाण्याच्या नळाचें तोंड बंद केलें, तर आगीची आंच लागतांच डाख वितळून पाणी आपोआप बरसूं लागेल, ही कल्पना न्यू हेवन येथें पियानोचा कारखाना चालविणाऱ्या हेन्री पार्मली यानें १८७४ सालीं अमलांत आणली, आणि फ्रेडरिक ग्रिनेल यानें १८८१ मध्यें तिला सुधारलेलें रूप दिलें. दुसरी युक्ति दोन धातूंच्या जोडपट्टीची. पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडून तापविल्या, तर पितळ अधिक प्रसरण पावतें आणि जोडपट्टी वांकते. अठराव्या शतकांत जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनें आपल्या घड्याळाची चाल थंडीवाऱ्यांत बिघडूं नये म्हणून ती योजिली होती. तीच वांकलेली पट्टी विजेच्या तारेला टेकली कीं घंटा वाजेल, हें पुढें लोकांच्या ध्यानांत आलें. एडिसनच्या हाताखालीं काम केलेला गणितज्ञ फ्रान्सिस अप्टन आणि त्याचा भागीदार फर्नांडो डिबल यांनीं १८९० सालीं, उचलून कोठेंही ठेवतां येईल अशा विजेच्या आगसूचक यंत्राचें पेटंट घेतलें. तेंही उष्णतेवरच चालणारें होतें.

कारखान्यांचें व वखारींचें या साधनांनीं फार मोठें रक्षण केलें, यांत शंका नाहीं. परंतु उष्णतेची साक्ष उशिराची असते. छताजवळची हवा ७० अंशांपर्यंत तापावी, यासाठीं खालीं चांगला भडका उडालेला असावा लागतो. मालाला तोंवर दम धरवतो; झोपलेल्या माणसाला धरवत नाहीं. आगींत माणसें ज्वाळांनीं मरतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरोखर पाहतां घरांतील आगींच्या बळींचा फार मोठा भाग धुराचा असतो. अपुऱ्या हवेंत धुमसणाऱ्या गादींतून किंवा लाकडांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु बाहेर पडतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा अडवितो, आणि झोपलेला माणूस अधिकच गाढ झोपेंत जातो. जळक्या वासानें आपल्याला जाग येईल, हा भरंवसाही फोल आहे. झोपेंत माणसाचें नाक जवळजवळ झोपलेलेंच असतें. कान मात्र बराचसा जागा राहतो. म्हणून ज्वाळेच्या आधीं येणाऱ्या धुराची वर्दी कानाला देईल, असें कांहीं साधन हवें होतें.

धुराला पकडण्याचा प्रयत्न प्रथम जहाजांवर झाला. जहाजाच्या पोटांतील मालाच्या कोठारांत एकदां माल भरून झांकणें लावलीं कीं आंत काय चाललें आहे हें कोणाला दिसत नाहीं. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कित्येक जहाजांवर प्रत्येक कोठारांतून एकेक बारीक नळी वरपर्यंत आणून कप्तानाच्या खोलीशेजारीं कांचेच्या एका कपाटांत सोडीत. पंख्यानें कोठारांतील हवा त्या नळ्यांतून ओढली जाई. एखाद्या नळीच्या तोंडाशीं धुराची रेघ दिसली, कीं कोणत्या कोठारांत आग आहे हें तात्काळ समजे. युक्ति नामी होती. पण कपाटाकडे पाहणारा डोळा तेथेंही माणसाचाच हवा होता. धूर ओळखून आपण होऊन बोंब ठोकणारें यंत्र अजून जन्माला यावयाचें होतें.

तें जन्मलें तें एका अपयशांतून. १९३०च्या दशकाच्या अखेरीस युरोपावर युद्धाचें सावट पसरलेलें होतें, आणि विषारी वायूची धास्ती लोकांच्या मनांत पहिल्या महायुद्धापासून घर करून बसली होती. वाल्टर येगर हा स्विस पदार्थविज्ञानवेत्ता त्या वेळीं विषारी वायूची चाहूल देणारें यंत्र बनविण्याच्या खटपटींत होता. त्याची कल्पना अशी: किरणोत्सर्गी पदार्थाच्या किरणांनीं हवेच्या अणूंना विद्युत्भारित करावें, त्या हवेंतून दोन पत्र्यांच्या दरम्यान अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह वाहूं द्यावा, आणि विषारी वायु आंत शिरल्यावर त्या प्रवाहांत पडणारा फरक मोजावा. प्रयोगामागून प्रयोग झाले. वायु आंत सोडण्यांत आला. पण मापकाचा कांटा जागचा हालेना. वैतागून येगरनें सिगारेट शिलगावली, आणि थोड्याच वेळांत तोच हट्टी कांटा खालीं आलेला त्याला दिसला. वायूनें जें केलें नाहीं तें सिगारेटच्या धुरानें केलें होतें.

याचें कारण धुराच्या घडणींत आहे. वायूचे अणु सुटे असतात. धूर म्हणजे न जळलेल्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचा थवा होय. हवेंतील विद्युत्भारित अणु या कणांना चिकटतात, त्यांच्या ओझ्यानें मंद होतात, आणि पत्र्यापर्यंत पोंचण्याचें राहून जातें. प्रवाह घटतो. आठवड्याच्या बाजारांत झपझप चालणाऱ्या माणसांच्या गळ्यांत कोणी पोतीं अडकवावींत, आणि बाजाराची वर्दळ एकाएकीं संथावी, तसाच हा प्रकार. पण घटलेला प्रवाह इतका अल्प होता कीं त्यानें घंटा वाजविणें अशक्य. ही उणीव एर्न्स्ट मायली या दुसऱ्या स्विस शास्त्रज्ञानें भरून काढली. त्यानें बनविलेल्या एका विशिष्ट निर्वात नळीमुळें तो क्षीण संकेत वाढवून घंटा वाजवितां येऊं लागली. १९४१ सालीं स्वित्झर्लंडमधील बाड रागाझ या गांवीं या शोधाचा धंदा करण्यासाठीं कंपनी निघाली. तिला नांव देण्यांत आलें ‘सर्बेरस’. ग्रीक पुराणांत पाताळाच्या दारावर राखण करणारा जो तीन मुखांचा कुत्रा आहे, त्याचें हें नांव.

स्वित्झर्लंडांतील हें यंत्र अद्याप जगाला फारसें ठाऊक नव्हतें, त्याच काळांत मुंबईच्या गोदींत धुराची साक्ष कशी वायां गेली, हें पाहण्यासारखें आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज १२ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईस लागलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि कराचीस चढविलेले कापसाचे हजारों गठ्ठेही होते. कापसाचा गठ्ठा आंतल्या आंत तासन्‌तास धुमसत राहतो, हें कापसाच्या व्यापाराशीं संबंध असलेल्या मुंबईकरांना नव्यानें सांगावयास नको. १४ एप्रिलला दुपारच्या जेवणाच्या सुटींत शेजारच्या जहाजांवरील कांहीं जणांना त्या जहाजाच्या हवेच्या नळकांड्यांतून धुराची पुसट रेघ निघतांना दिसली. कोणीं वर्दी दिली नाहीं. सुटी संपून हमाल कामावर परतले, तेव्हां दीड वाजून गेल्यावर दोन नंबरच्या कोठारांतील आग उघडकीस आली.

यापुढचा प्रकार अधिकच चटका लावणारा आहे. आगीचें स्वरूप मोठें आहे असा विशेष निरोप बंबखान्यास टेलिफोनवरून द्यावयाचा होता. तो टेलिफोनवरून जाईना, म्हणून नाइलाजानें वर्दीच्या पेटीची कांच फोडण्यांत आली. पेटीला बोलतां येतें तें एकच वाक्य: येथें आग आहे. ती आग दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजावर आहे, हें पेटी कशी सांगणार? नेहमींच्या रिवाजाप्रमाणें प्रथम दोनच बंब आले. अधिक बंब आले तेव्हां मोलाचा वेळ निघून गेला होता. शेंकडों टन पाणी ओतूनही कोठार थंड होईना. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं, हजारों बेघर झालीं, आणि मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असतांना मृत्यु पावले. एखादें यंत्र असतें तर अनर्थ टळला असता कीं नाहीं, हा प्रश्न येथें गौण आहे. धुरानें आपली साक्ष वेळेवर दिली होती. ती नोंदवून घेणारा कोणी नव्हता.

युद्ध संपलें आणि स्विस यंत्र अटलांटिकपार गेलें. १९५१ पासून अमेरिकेंत तें विकलें जाऊं लागलें. पण तें अवजड आणि महाग असल्यामुळें कारखाने व मोठमोठ्या कचेऱ्या यांच्यापलीकडे त्याचा शिरकाव झाला नाहीं. घराच्या छतावर तें बसावयाचें तर स्वस्त, चिमुकला आणि टिकाऊ असा किरणोत्सर्गी पदार्थ हवा होता. तो पदार्थ अणुसंशोधनाच्या गुप्त प्रयोगशाळेंत आधींच तयार झालेला होता. १९४४ सालीं ग्लेन सीबोर्ग व त्याचे सहकारी यांनीं ९५ क्रमांकाचें मूलद्रव्य शोधून काढलें होतें आणि युद्धामुळें तें गुप्त राखलें होतें. हें गुपित प्रथम फुटलें तें रेडिओवर. ११ नोव्हेंबर १९४५ रोजीं सीबोर्ग मुलांच्या एका प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमास पाहुणा म्हणून गेला असतां, आणखी कांहीं नवीं मूलद्रव्यें सांपडलीं आहेत काय, असें एका मुलानें त्याला विचारलें. सीबोर्गनें सरळ होय म्हणून सांगितलें. शास्त्रज्ञांच्या सभेपुढें त्याची रीतसर घोषणा व्हावयास अजून पांच दिवस अवकाश होता! त्या मूलद्रव्याचें नांव पुढें अमेरिसियम ठेवण्यांत आलें.

अमेरिसियमचे किरण हवेंत दोनचार इंचांतच थकतात आणि कागदाच्या कपट्यानेंही अडतात. त्याचें तेज निम्म्यावर येण्यास ४३२ वर्षें लागतात. एका यंत्राला त्याचा इतका सूक्ष्म अंश पुरतो कीं एका ग्रॅममध्यें तीस लाखांवर यंत्रें तयार व्हावींत. अमेरिकेच्या अणुशक्ति मंडळानें १९६२ मध्यें हा पदार्थ विक्रीस काढला, आणि किरणोत्सर्गी द्रव्य असलेलें धूमसूचक यंत्र लोकांत वितरित करण्याचा पहिला परवाना १९६३ सालीं दिला.

याच सुमारास येगरची गोष्ट दुसऱ्यांदां घडली. कोलोरॅडो राज्यांत ड्वेन पिअर्सल हा कारखानदार स्थिर विजेचा उपद्रव नाहींसा करणारें एक यंत्र बनवीत होता. धुराशीं त्याला कांहीं कर्तव्य नव्हतें. यंत्रांतून निघणाऱ्या विद्युत्भारित हवेचें मोजमाप चाललें असतां जवळ उभा असलेला एक सहकारी सिगारेट ओढीत होता, आणि त्याच्या धुरासरशीं मापकाचा कांटा कोसळला. एका सिगारेटनें स्वित्झर्लंडांत जें दाखविलें तेंच दुसरीनें अमेरिकेंत दाखविलें. घरांतील आगींचें जें एक नित्याचें कारण, त्यानेंच आगीची वर्दी देणाऱ्या यंत्राचा मार्ग दोनदां दाखवावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पिअर्सल आणि त्याचा सहकारी स्टॅन्ले पीटरसन यांनीं १९६५ पासून खपून, बॅटरीवर चालणारें व सामान्य गृहस्थाला परवडणारें धूमसूचक तयार केलें, आणि १९७५ च्या सुमारास तें मोठ्या प्रमाणावर बाजारांत आलें. ‘स्मोक डिटेक्टर’ हा शब्द घरगुती झाला तो तेव्हांपासून.

दरम्यान दुसरी एक वाट प्रकाशाच्या अंगानें निघाली होती. मध्यान्हीं कौलांच्या फटींतून काळोख्या माजघरांत कवडसा उतरतो, तेव्हां एरव्हीं न दिसणारी धूळ त्यांत नाचतांना दिसते. सूक्ष्म कणांवर आदळून प्रकाश बाजूंना विखुरतो, म्हणून हें दृश्य दिसतें. जॉन टिंडल यानें एकोणिसाव्या शतकांत या घटनेचा अभ्यास केला. त्याच तत्त्वावर डोनल्ड स्टील व रॉबर्ट एमार्क यांनीं १९७२ सालीं घरगुती धूमसूचक बनविलें. डबीच्या आंत काळोखी कोठडी. तींत एक बारीकसा प्रकाशझोत. आणि झोताच्या वाटेबाहेर, त्याला न पाहणारा असा एक विजेचा डोळा. हवा स्वच्छ असेल तोंवर डोळ्यापुढें अंधार. धूर शिरला कीं प्रकाश विखुरतो, डोळ्याला उजेड दिसतो, आणि शिटी किंचाळूं लागते. माजघरांतला कवडसाच जणूं पहाऱ्याला बसविला.

दोन्ही जातींची परीक्षा घेतल्यावर एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. कागद किंवा लांकूड भडकून पेटलें, तर त्याच्या धुराचे कण अतिशय बारीक असतात. त्यांना किरणोत्सर्गी यंत्र लौकर ओळखतें. गादी किंवा कापूस धुमसूं लागला, तर कण मोठे असतात. ते प्रकाशाच्या यंत्राला आधीं दिसतात. मद्यार्क किंवा हायड्रोजन जळतांना तर धूर जवळजवळ नसतोच. पंडितांचा तापलेला लोखंडी गोळा तो हाच! अशा आगींसाठीं ज्वाळेंतून निघणारे अदृश्य अतिनील किरण टिपणारीं निराळीं यंत्रें करावीं लागलीं. ऑस्ट्रेलियांत रानवणव्यांच्या धुराचा अभ्यास करण्यासाठीं वापरलेलें उपकरण १९७०च्या दशकांत टेलिफोन-केंद्रांच्या रक्षणासाठीं योजण्यांत आलें, आणि त्यांतून निघालेल्या व्यवस्थेंत खोल्याखोल्यांतील हवा बारीक नळ्यांनीं ओढून तपासली जाऊं लागली. जहाजावरच्या कांचेच्या कपाटाची कल्पनाच नव्या वेषांत परत आली. फक्त पाहणारा डोळा आतां यंत्राचा होता.

१९७५ आणि १९७६ या सालीं अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत, पाडून टाकावयाच्या घरांतून मुद्दाम आगी लावून या यंत्रांची कसोटी घेण्यांत आली. प्रत्येक मजल्यावर एकेक धूमसूचक असलें, तर बहुतेक प्रसंगीं घरच्या माणसांना बाहेर पडण्यापुरती सवड मिळते, असा निष्कर्ष निघाला. भडकलेल्या आगींत ही सवड त्या वेळीं सरासरी १७ मिनिटांची भरली. २००४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें तसलेच प्रयोग नव्या तऱ्हेच्या सामानसुमानावर केले, तेव्हां तीच सवड अवघ्या तीन मिनिटांवर आलेली आढळली. कापसाच्या गादीची जागा फोमनें आणि शिसवी खुर्चीची जागा प्लॅस्टिकनें घेतल्यावर घर पूर्वीपेक्षां किती तरी त्वरेनें पेटूं लागलें. श्रोत्यांनीं हा आंकडा विशेष ध्यानांत ठेवावा. मुलांना उठवून, म्हाताऱ्या माणसाला हात देऊन जिना उतरावयास तीन मिनिटें म्हणजे कांहींच नव्हे. आणि वर्दीला उशीर झाला तर तीही मिळत नाहींत.

या लहानशा डबीनें काय साधलें, याचा अंदाज अमेरिकेच्या आंकड्यांवरून येतो. १९७७ सालीं तेथें घरांतील आगींत सुमारें ५,८०० माणसें दगावलीं. २०१०च्या दशकांत लोकसंख्या पुष्कळ वाढलेली असूनही वर्षाला अडीच हजारांच्या आसपासच दगावत होतीं. सिगारेट ओढणें कमी झालें, विजेचीं उपकरणें सुधारलीं, हीं कारणें त्याच्या जोडीला आहेतच. पण याच आंकड्यांत दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. धूमसूचक बहुतेक सर्व घरांत पोंचल्यानंतरही, जीं माणसें आगींत मेलीं त्यांपैकीं पांचांत सुमारें तिघे अशा घरांतील होते, कीं जेथें यंत्र नव्हतें, किंवा होतें पण चालत नव्हतें. आणि तें चालत नसण्याचें नेहमींचें कारण म्हणजे बॅटरी उतरलेली, किंवा कोणीं तरी हातानें काढून ठेवलेली.

बॅटरी काढली कोणीं? घरच्याच माणसानें. तव्यावरचा पदार्थ करपला, न्हाणीघरांतून वाफ आली, फोडणीचा खकाणा उठला, कीं डबी किंचाळते. दोनदां किंचाळली म्हणजे हंसूं येतें. दहादां किंचाळली म्हणजे कोणीतरी स्टुलावर चढतो आणि तिचें तोंड बंद करतो. वाफेला धूर समजूं नये, हा पंडितांचा तिसरा धडा यंत्राला अजून नीटसा आलेला नाहीं. त्याची शिक्षा यंत्राला नव्हे, घराला भोगावी लागते. धूर आणि उष्णता अशा दोन साक्षी मिळवून मगच ओरडणारीं, किंवा वाफेचे कण आणि धुराचे कण निरनिराळे ओळखूं पाहणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. फ्रान्ससारख्या देशांनीं घरगुती वापरांत किरणोत्सर्गी जातीला मज्जाव केला, आणि प्रकाशावर चालणारी जात पुढें आली. करपलेल्या पोळीवर तीही ओरडते, पण त्यामानानें कमी. तथापि उतरलेली बॅटरी बदलणें हें काम कोणत्याही यंत्राला अजून जमलेलें नाहीं. १८७२ च्या बोस्टनमधील कुलूपबंद पेटी आणि आजच्या छतावरील बॅटरी काढलेली डबी या दोहोंमध्यें दीड शतकाचें अंतर आहे. माणसाचा स्वभाव मात्र तोच आहे.

भारतांत या विषयाचे नियम कागदावर आहेत. स्वयंचलित आगसूचक यंत्रणा कोणत्या निवडाव्या व कशा बसवाव्या, याचें भारतीय मानक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेंत उंच इमारतींसाठीं तरतुदी आहेत. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतूनही धूमसूचक बसविलीं जात आहेत. पण वीस-वीस मजल्यांच्या इमारतींतील बिऱ्हाडांत, जिन्याच्या तोंडाशीं चपलांचीं कपाटें आणि जुनें सामान रचलेलें असतें, आणि छतावर डबी असलीच तर ती शेवटची केव्हां तपासली हें कोणाला आठवत नाहीं. देवघरांत समई आणि उदबत्ती, स्वयंपाकघरांत फोडणी, अशा घरांत डबी कोठें बसवावी याचाही थोडा विचार लागतो. चुलीच्या डोक्यावर ती बसवूं नये. निजण्याच्या खोल्यांबाहेरच्या वाटेवर, छताला बसवावी. तेथें ती उगाच ओरडणार नाहीं, आणि ओरडली तर झोपलेल्या कानाला ऐकूं जाईल.

मुंबईच्या गोदींत प्राण देणाऱ्या त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं बंबखान्यांतून मानवंदना होते आणि पुष्पचक्रें वाहिलीं जातात. धुराची रेघ पाहूनही त्या दुपारीं जे गप्प राहिले ते कांहीं दुष्ट नव्हते. दुसरें कोणी तरी सांगेल, एवढाच त्यांचा समज होता. घराच्या छतावरील डबी हें ‘सांगणारें दुसरें कोणी’ माणसानें मोठ्या खटपटीनें निर्माण केलें आहे. तिच्या पोटाशीं एक बटण असतें. वर्षांतून निदान त्या एका दिवशीं स्टुलावर चढून तें दाबावें, तिचा आवाज घरांतल्या सर्वांना, विशेषतः मुलांना, एकवार ऐकवावा, आणि आवाज निघाला नाहीं तर त्याच दिवशीं बॅटरी बदलावी.